‘इतर’मधल्या बायका

सकाळी तिनं आकड्यांची फाइल उघडली तेव्हा काम अगदी साधं वाटलं होतं. वर्षभरात कारखाना सोडून कोण गेलं आणि कशासाठी, याचा एक बार चार्ट करायचा आणि दुसऱ्या दिवशी तो मालकमंडळींना पडद्यावर दाखवायचा. तिनं ‘कारण’ हा रकाना एका बाजूला ओढला, माणसांची संख्या दुसऱ्या बाजूला. बार उभे ठेवले तर खालची नावं तिरकी होतात आणि मान वाकडी करून वाचावी लागतात, म्हणून आडवे घेतले. मोठा वर, लहान खाली असा क्रम लावला, अक्ष शून्यापासून सुरू केला, बारांच्या टोकांना आकडे दिले. सगळ्यात वर, बाकीच्यांना बुटकं ठरवत, एक बार पसरला. त्याचं नाव बाळंतपण.

तिची नोकरी हंगामी होती. हा अहवाल नीट झाला की पक्की करतो, असं साहेबांनी सांगितलं होतं. आणि तिला स्वतःला तिसरा महिना लागला होता. ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं.

साहेबांना पाठीमागं सगळे ‘रंगारी’ म्हणत, कारण चार्टमध्ये काय आहे यापेक्षा तो कोणत्या रंगात आहे याचीच त्यांना काळजी. ते तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले.

“छान. पण हा वरचा बार कशाला?”

“आकडेच तसे आहेत, सर.”

“असू देत. बाळंतपण, तब्येत, घरची अडचण, सगळं निवडा आणि एकत्र करा. नाव द्या ‘इतर’. तळाला टाका, फिका राखाडी रंग द्या. डोळ्यात भरायला नको.”

“लपवल्यासारखं होईल ना, सर?”

“लपवतोय कुठं? बेरीज तीच राहते की. तुमचा पक्क्या नोकरीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, लक्षात आहे ना?”

तिनं मुकाट्यानं एकत्र केलं. आपण तरी काय वेगळं केलं असतं?

या कारखान्यात एक रीत होती. बाईला दिवस गेले की पोट दिसायच्या आत तिनं आपणहून राजीनामा द्यायचा. नियम म्हणून कुठं लिहिलेलं नव्हतं, हीच त्यातली हुशारी. मुकादम कागद पुढं सरकवायचा आणि घरची माणसं हातात पेन द्यायची.

तिची थोरली नणंद तिथंच पॅकिंगला होती. तो कागद टाळायला ती पोट आवळून बांधायची आणि खोकी उचलत राहायची. मूल गेलं. तरीही सही घेतलीच; कागदावर कारण लिहिलं, बाळंतपण. मग नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं. घरात हा विषय कुणी काढत नसे.

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर ती लॅपटॉप घेऊन बसली. सासूबाई भाजी निवडत होत्या.

“अजून दीड-दोन महिने दिसायचं नाही,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यात पक्की हो. मग बघू.”

“मग काय बघू, आई?”

“मग द्यायचा कागद. सगळ्याच देतात. हिनंही दिलाच ना.”

‘ही’ दारात उभी होती. ती आत आली आणि भावजयीच्या खांद्यावरून पाहू लागली.

“काय केलंस गं दिवसभर?”

“नोकरी सोडलेल्यांचा चार्ट, वन्सं.”

“मग यात मी कुठं?”

तिनं तळातल्या राखाडी पट्टीवर बोट ठेवलं.

“इतर म्हणजे काय?”

तिनं ते एकत्र केलेले बार पुन्हा सुटे केले. बाळंतपण तळातून निघून थेट वर गेलं. नणंदेनं त्या बारवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

“एवढ्या जणी?”

“हो.”

“मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.”

सासूबाईंनी मान वर केली नाही. भाजी मात्र तशीच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर बार सुटे होते आणि वरचा लाल होता. रंगारीसाहेबांचा चेहरा उतरला. “काहीतरी चूक झालेली दिसते,” ते म्हणाले.

“चूक नाही, सर. या बायका गरोदर राहिल्या म्हणून गेल्या. त्यांना घालवलं. पुढच्या चार्टमध्ये याच बारमध्ये मी असेन.”

थोरल्या मालकांनी चष्मा पुसून घातला, पडदा नीट पाहिला.

“चार्ट सुटसुटीत आहे,” ते म्हणाले. “तो लाल रंग जरा अंगावर येतो. निळा करा.”

एवढंच. त्यांना राग आला असता तरी तिला बरं वाटलं असतं. निदान त्यांनी वाचलं असं तरी झालं असतं.

दुपारी रंगारीसाहेबांनी तयार कागद पुढं ठेवला. ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’

“मला खुशी नाही, साहेब.”

“हट्ट करू नका. घरी विचारा हवं तर.”

“घरी विचारूनच आले आहे. कंपनीनं काढलं, असं लिहा. मग करते सही.”

गरोदर बाईला काढलं असं कागदावर आलं तर कायद्यात अडकायचं; तसं लिहायची हिंमत कुणाची होणार? म्हणून ती अजून नोकरीवर आहे. पक्की होण्याचं नाव नाही, हातात कामही देत नाहीत. ती रोज येते, ढळढळीत दिसणारं पोट घेऊन पॅकिंग विभागातून मुद्दाम चालत जाते आणि रिकाम्या टेबलाशी बसते. बायका बघतात आणि माना खाली घालतात.

परवा त्यांतल्या एकीनं तिला जिन्यात गाठलं. खालच्या आवाजात विचारलं, “सही नाही केली, तर चालतं?”

इतकी वर्षं हा प्रश्न तिथं कुणी विचारला नव्हता. वाचकहो, आपल्या घरातूनही बायका कामाला जातात. पेन त्यांच्या हातात आपणच दिलं होतं.