ल्यूक कोणाचा?

प्रीतीच्या नवऱ्याला, ल्यूक व्हाइटला, आजोबांच्या आधीचं कोणीच सापडत नव्हतं. एडगर व्हाइट कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या गोदीत काम करायचे, एवढंच घरात माहीत. ते कुठून आले, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ल्यूकनं डीएनए टेस्ट केली तर मूळ फ्रेंच निघालं. घरात कोणाला फ्रेंचचा शब्द येत नव्हता! त्याच टेस्टमधून सापडलेल्या एका दूरच्या नातेवाइकानं कळवलं, "किनाऱ्यावरच्या आमच्या गावी जा. देलिमाला भेट."

शनिवारी ते निघाले. नागपूरहून लेकीकडे आलेल्या कांताबाईही स्वेटरवर जॅकेट चढवून मागच्या सीटवर बसल्या.

देलिमा नव्वदीची होती. दारातच तिनं ल्यूकला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत विचारलं, "तू कोणाचा?"

"व्हाइट. एडगर व्हाइटचा नातू."

"व्हाइट इथं कोणी नाही." ती थांबली. "एदगार? डाव्या हाताला करंगळी नसलेला?"

ल्यूकनं जोरात मान हलवली. आजोबांचा तो हात धरून तो शाळेत गेला होता.

"माझ्याच वर्गात होता तो," देलिमा म्हणाली. "आपण लब्लां. लब्लां म्हणजे पांढरा. शहरात फ्रेंच माणसाला काम कोण देणार? म्हणून व्हाइट झाला असेल. आत ये, बस इथं."

तिनं ल्यूकचं आणि त्याच्या वडिलांचं नाव विचारून घेतलं, मग डोळे मिटून म्हणायला लागली. "ल्यूक आ रेमाँ, आ एदगार, आ रोझ, आ सिप्रियाँ, आ बाझील..." तिच्या बोटांनी टेबलावर ठेका धरला होता. नावांमागून नावं येत राहिली. अठराव्या शतकात इंग्रजांनी गाव जाळून इथली फ्रेंच माणसं हाकलायला जहाजांत कोंबली तेव्हाचा एक जण आला, जो कित्येक वर्षांनंतर जंगलातून चालत परत आला होता. त्याच्याही मागे, फ्रान्सहून बोटीनं आलेल्या पहिल्या माणसापर्यंत ती गेली.

"आ म्हणजे 'चा'," देलिमानं डोळे उघडले. "गावात लब्लां ढीगभर. बापाच्या, आजाच्या नावानंच माणूस ओळखायचा."

"पण रोझ तर बाई आहे," प्रीती म्हणाली.

"सिप्रियाँ समुद्रात गेला. बोट आली, तो आला नाही. रोझनं पाच पोरं एकटीनं वाढवली. मग पोरं कोणाची म्हणणार? रोझचीच." तिनं प्रीतीकडे पाहिलं. "आणि तू?"

"प्रीती भगवान मेश्राम. आमच्यातही वडिलांचं नाव मध्ये लावतात. बाबा मी चार वर्षांची असताना गेले. आईनं अंगणवाडीत नोकरी करून वाढवलं." तिनं आईकडे हात केला. "ही कांता."

"मग तू प्रीती आ कांता," देलिमा म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"काय म्हणून राहिली ती?" कांताबाईंनी विचारलं. प्रीतीनं सांगितलं. कांताबाई हळूच म्हणाल्या, "तुझ्या बाबाले काढून नको टाकू म्हणा तिले."

प्रीतीनं ते इंग्रजीत सांगितल्यावर देलिमा हसली. "तो कुठं जातोय? रोझच्या मागं सिप्रियाँ आहेच ना? प्रीती आ कांता आ भगवान."

आपल्या नवऱ्याचं नाव या परक्या म्हातारीच्या तोंडून ऐकताना कांताबाईंचे डोळे भरून आले.

संध्याकाळ व्हायच्या आत देलिमा त्यांना समुद्राकाठच्या दफनभूमीत घेऊन गेली. रोझचा दगड धुक्यानं ओला होता. ल्यूकनं टोपी काढली.

"म्हण," देलिमा म्हणाली.

"ल्यूक आ रेमाँ," त्यानं सुरुवात केली. जीभ अडखळत होती, प्रत्येक नावाला देलिमा हळू आवाजात पुढचं नाव पुरवत होती. शेवटच्या नावापर्यंत तो म्हणत राहिला. कांताबाईंनी नकळत हात जोडले होते.