शेजारच्या सीटचा ब्रेक

मी मास्तरांची गाडी बोलतेय. आधी तुमचे हात मला दिसतील असे ठेवा. खिशात पाना-बिना नाही ना? नक्की? मग बसा. राग मानू नका, पण माझ्यावर प्रसंगच असा गुदरला की हल्ली कोणी नुसतं मायेने हात फिरवला तरी मी आधी त्याच्या हातात पाना आहे का ते बघते.

जन्मापासून मी अशी नव्हते. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा चारचौघींसारखी साधी, नाकासमोर चालणारी होते. मास्तरांनी मला विकत घेतलं आणि घरी नेण्याआधी थेट गॅरेजमध्ये नेलं. तिथे शेजारच्या सीटसमोर आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच बसवला, आणि डोक्यावर पाटी चढवली. मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. शिकाऊ माणूस स्टिअरिंग धरायचा आणि मास्तर शेजारी बसून त्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचे.

संशय घ्यायला मी तिथेच शिकले. मास्तरांचा पहिला धडाच तो असायचा. "समोरचा वळणार नाही असं धरून चालायचं नाही. तो वळणारच. रस्त्यावर कोणाचा भरवसा धरायचा नाही, स्वतःचा तर मुळीच नाही." दुसरा धडा असा, की गाडी सुरू झाली नाही तर तिला लाथा घालू नका, आधी बॅटरीची वायर बघा. हे ऐकत ऐकत माझ्या हाताखालून, म्हणजे चाकाखालून म्हणू नका हं, अर्धं गाव शिकून गेलं. कोणी डोळे मिटून वळण घ्यायचं, कोणी प्रत्येक खड्ड्याला सॉरी म्हणायचं. एक बडे साहेब तर गिअरला "चला आता" अशी विनंती करायचे. सगळ्यांना मास्तरांनी तयार केलं, रस्त्याला लावलं. राहिल्या त्या फक्त काकू, मास्तरांच्या पत्नी. मास्तरांच्या घरच्या माणसाला शिकवायला मास्तरांना कधी सवडच झाली नाही.

पुढे वय झालं आणि मास्तरांनी स्कूल बंद केलं. पाटी उतरली. जादा ब्रेक मात्र तसाच राहिला. "बाबा, काढून टाका की तो आता," जावई म्हणाले होते. "खातोय का तो काही? असू दे," मास्तर म्हणाले. मग त्या सीटवर काकू बसायला लागल्या. डॉक्टरकडे, बाजारात, लेकीकडे. पर्स मांडीवर, आणि पाय त्या ब्रेकपासून अंग चोरून.

आता खरी गोष्ट ऐका. एका संध्याकाळी आम्ही बाजारातून परत येत होतो. कडेच्या गल्लीतून एक सायकलवाली पोरगी आली. अचानक नाही, चांगली घंटी वाजवत आली. मला दिसली. काकूंना दिसली. मास्तरांचा पाय मात्र जागचा हलेना. आणि तेवढ्यात ब्रेक लागला, कचकन. तो मास्तरांच्या बाजूने लागला नव्हता. काकूंनी पर्स टाकून दोन्ही पायांनी त्या जादा ब्रेकवर उभं राहायचंच बाकी ठेवलं होतं. पोरगी माझ्या दिव्याला हात टेकून सावरली आणि काहीतरी बोलून निघून गेली.

घरी जावई आलेले होते, त्यांना मास्तर म्हणाले, "हिचा ब्रेक जरा उशिरा लागतो हल्ली."

ऐकलंत? माझा ब्रेक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर ज्यांच्यासाठी मी लोकांचे धक्के खाल्ले, त्यांनी माझ्यावर असा आळ घ्यावा! आणि काकू तिथेच उभ्या होत्या. त्यांनीही मान खाली घातली. मला वाटलं, बिचारीला माझ्याबद्दल वाईट वाटलं असेल. या घरात माझ्या बाजूचं एवढं एकच माणूस आहे.

त्या दिवसानंतर मी मरायला लागले. म्हणजे रोज सकाळी मरायचे. मास्तरांनी किल्ली फिरवावी, आणि माझ्या तोंडातून हूं की चूं निघू नये. मेकॅनिकला फोन जायचा. तो जेवण आटोपून यायचा, किल्ली फिरवायचा, की मी झकास सुरू! "मास्तर, काय हे? गाडी तर घोड्यासारखी आहे," तो म्हणायचा. त्याचं हसू मला बिलकूल आवडायचं नाही. मास्तरांना वाटायचं हाच काहीतरी करून ठेवतो. मेकॅनिकला वाटायचं म्हातारे किल्ली उलटी फिरवत असणार. आणि सगळे मिळून म्हणायचे, हिचा काही भरवसा राहिला नाही.

पण मला माहीत होतं! कुठेतरी पाणी मुरत होतं. माझ्या अंगावर कव्हर असायचं, त्यामुळे दिसायचं काही नाही. पण उजाडता उजाडता कोणीतरी कव्हर सारून दार उघडायचं, बॉनेट उचलायचं, पान्याने बॅटरीची वायर ढिली करायचं, आणि बॉनेट इतक्या हळू खाली ठेवायचं की पाखरूही उडू नये. मेकॅनिक यायच्या आधी तोच हात येऊन वायर परत आवळून जायचा.

माझा संशय सरळ जावयांवर गेला. ते आले की त्यांची नवी गाडी उन्हात उभी राहायची आणि सावलीची जागा माझ्याकडे होती. येता-जाता माझ्या पत्र्यावर टिचक्या मारून ते म्हणायचे, "बाबा, दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही, विकायला गेलं तर कोणी घेणार नाही. सरळ भंगारात द्या." एवढी घाई कोणाला असते हो? मी मनात म्हटलं, बाबा रे, तुझं काळं तोंड एक दिवस मी उघडं पाडीन.

मग एक सकाळ अशी आली की मी पुन्हा मेलेली, आणि मेकॅनिक मिळेना. मास्तरांनी स्वतः बॉनेट उघडलं. मला हायसं वाटलं. आता बघतील, आता सापडेल! आणि त्यांनी बघितलं. ढिली वायर त्यांनी बोटांनी हलवली. पान्याची खूण अंगठ्याने चाचपली. पलीकडे ओट्यावर काकू भांडी विसळत होत्या, तिकडे एकदा पाहिलं. आणि माणसाने बॉनेट बंद केलं हो! वायर तशीच ठेवून मोठ्याने म्हणाले, "इंजिन गेलं हिचं. देऊन टाकू भंगारात."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. म्हणजे मास्तरही जावयांना सामील! आता या जगात माझं कोण उरलं? त्या दिवशी काकू नेहमीसारख्या फडकं घेऊन आल्या आणि माझी काच पुसता पुसता रडल्या. तेवढाच काय तो मला आधार वाटला.

मास्तरांची एक जुनी विद्यार्थिनी आता स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल चालवते. तिला मास्तरांनी निरोप पाठवला, की गाडी भंगारात चाललीय, शेजारचे पेडल तेवढे काढून ने, तुझ्या नव्या गाडीला होतील. बाई आल्या त्या बाह्या सरसावूनच. कव्हर निघालं. अंगणात सगळे जमले होते: मास्तर, काकू, जावई. मी म्हटलं, झालं, आता पाय तोडायला सुरुवात.

पण मास्तरांचीच शिष्या ती! पेडलला हात लावण्याआधी तिने सवयीने किल्ली फिरवली, आणि मी गप्प राहिल्यावर सरळ बॉनेट उघडलं. "मास्तर, अहो वायर सुटलीय नुसती!" तिने ती आवळली, किल्ली फिरवली, आणि मी सुरू झाले. काय करणार, मला खोटं बोलता येत नाही. एवढी गोड सुरू झाले की माझी मलाच लाज वाटली.

जावई वायरीकडे बघत म्हणाले, "ही काय आपोआप सुटत नाही. कोणी केलं हे?"

अरे वा, चोराच्याच तोंडी हा प्रश्न! असं माझ्या मनात येतंय तोवर मास्तर म्हणाले, "मी केलं."

मी हादरले. कारण ते हात मास्तरांचे नव्हते, एवढं मला कळत होतं.

"मी सुटी करायचो," मास्तर म्हणाले. "गाडीला काहीही झालेलं नाही. मला कडेचं दिसत नाही आता. समोरचं दिसतं, कडेला नुसता अंधार. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. मला ते तोंडाने सांगता येईना, म्हणून गाडीवर ढकललं."

"अहो, खोटं का बोलता?" काकू पुढे आल्या. "मी काढायची वायर. गावाला जाताना बॅटरी उतरू नये म्हणून वायर सोडायला तुम्हीच नाही का माझ्या हातात पाना द्यायचात? तुम्ही गाडी काढलीत की माझा जीव टांगणीला लागायचा. पण तुम्हाला कसं सांगू? तुम्हाला, मास्तरांना, की गाडी चालवू नका?"

"माहीत होतं मला," मास्तर म्हणाले. "माझ्या बाजूचा ब्रेक आपोआप खाली गेला ना, तेव्हाच कळलं की तू दाबलास. ज्याने आयुष्यभर लोकांच्या पायाखालचा ब्रेक दाबला, त्याला नाही का कळणार? अगं, त्या पोरीला मी मारलं असतं."

आणि ते रडले. मास्तर. माझ्या बॉनेटवर हात ठेवून, सगळ्यांसमोर. काकूंनी त्यांचा दंड धरला. जावई सावलीतून बाजूला झाले आणि त्यांनी मास्तरांना खुर्ची आणून दिली. मी जावयांवर उगाच संशय घेतला होता. आणि जिला मी माझी समजत होते, तीच रोज पाना घेऊन येत होती. सांगा, माणसं ओळखायची तरी कशावरून?

बाईंनी बॉनेट बंद केलं. "मास्तर, हिचे पाय मी काढत नाही. सगळीच नेते. शिकवायला अशी गाडी मला कुठे मिळणार?"

मास्तरांनी डोळे पुसले. "ने. पण पहिली विद्यार्थिनी मी सांगेन ती." त्यांनी काकूंकडे बोट केलं. काकू म्हणाल्या, "चला, काहीतरीच!" पण पाय तिथून हलले नाहीत त्यांचे.

तर सध्या मी या बाईंच्या स्कूलमध्ये आहे. डोक्यावर पुन्हा पाटी आलीय. सकाळी गाव जागं व्हायच्या आधी मोकळ्या मैदानावर काकू स्टिअरिंग धरतात. शेजारी बाई, जादा ब्रेकवर पाय ठेवून. आणि मास्तर मागच्या सीटवर. आयुष्यात कधी मागे बसलेले नव्हते ते. गुडघे सीटला आपटतात, आणि तोंड बंद राहत नाही. "क्लच हळू सोड. हळू! अगं, तो काय पोळतोय का?"

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातलं कोणी उगाच गाडीला, रस्त्याला, चष्म्याला दोष द्यायला लागलं, तर गाडीच्या वायरी सोडू नका. त्या माणसाशी बोला. जड जाईल, भांडण होईल, पण बोला.

आज काकूंसमोर एक कुत्रं कडेने आडवं आलं. मागे मास्तरांना ते दिसलं नाही, पण काकूंचा श्वास अडकलेला त्यांनी ऐकला आणि पाय माझ्या तळावर गच्च दाबला. तिथे नुसता पत्रा आहे. शेजारच्या बाईंनी पाय दाबलाही नव्हता. मी थांबले ती काकूंच्या ब्रेकने, अगदी अलगद, कुत्र्याच्या हातभर अलीकडे. मागे मास्तरांनी पत्र्यावरचा पाय हळूच उचलला. मग मास्तर म्हणाले, "छान. आता मला घरी ने."