दुपारची आंघोळ

निडी गावच्या हौसाला या वर्षी एकच ध्यास लागला होता. लेक अनिता पहिल्या बाळंतपणाला पेणहून माहेरी आली होती आणि बाळाला पायांवर घेऊन, तेल चोळून, आपल्याच हातांनी न्हाऊ घालायचं, हे हौसाने मनाशी ठरवून टाकलं होतं. पण हात तिचं ऐकत नव्हते. संधिवाताने सकाळी बोटं अशी आखडायची की चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागे.

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळीने ठणका उतरला होता. तेवढ्यावर थांबेल ती हौसा कसली! आळीतल्या बायका बिरडं सोलायला बसल्या की मोड आलेल्या वालांबरोबर दुखण्यांची उजळणी होई, आणि जिच्या गोळीचा गुण मोठा, तिची गोळी प्रसादासारखी वाटली जाई. शेजारच्या बायजाबाईने आपली मेडिकलमधून आणलेली लाल गोळी हौसाच्या तळहातावर ठेवली. हौसा दोन्ही घेऊ लागली. बोटं भराभर चालू लागली, पण पोटात आग पडली आणि पाय सुजून चपलेत मावेनात. लेकीला कळू नये म्हणून ती अनवाणी वावरू लागली. अनिताने दोन दिवस पाहिलं आणि बापाला सांगितलं. गोविंदाने बायकोला रिक्षात बसवलं ते थेट रोह्याला नेलं.

डॉक्टरीणबाईंनी आधी दोन्ही गोळ्या बंद केल्या, पोटाचं औषध दिलं, रक्त तपासायला पाठवलं. मग समजावलं. दोन्ही गोळ्या एकाच जातीच्या. दोन घेतल्याने आराम दुप्पट होत नाही, अपाय मात्र वाढतो, पोटाला आणि मूत्रपिंडालाही. पुढे लागलीच तर एकच, जेवणानंतर आणि विचारून. शिवाय ती ठणका गप्प करते, सांधा वाचवत नाही. त्यासाठी वेगळं औषध सुरू करू, त्याचा गुण यायला महिने लागतील.

महिने म्हटल्यावर हौसाचा धीर सुटला. "मंग माझ्या नातवंडाला न्हाऊ कोन घालल?" म्हणत ती रडू लागली.

बाईंनी विचारलं, "तुमची बोटं सुटतात कधी?"

"दुपारी. जेवनं झाल्यावर."

"मग दुपारी घाला की. बाळ थोडंच घड्याळ बघणार आहे?"

गोविंदा घरी येईपर्यंत वाटभर हसत होता. इतकी साधी गोष्ट घरात कुणालाच सुचली नव्हती.

नात झाली तोवर हौसाची सूज उतरली होती, पोटही निवळलं होतं. भर दुपारी पोर न्हाऊ घालणारी ही पहिलीच, असं बायजाबाईने आळीभर सांगितलं, आणि मौज बघायला तीच आधी येऊन बसली. हौसाची बोटं अजून वाकडीच होती, पण तेलाने माखलेल्या त्या इवल्या पाठीवरून सावकाश, न अडता फिरली. कोमट पाणी पडताच पोरीने टाहो फोडला, आणि पुसून होईपर्यंत तिथेच पायांवर झोपी गेली. हौसाला इतका आनंद झाला की हसावं की रडावं कळेना.

बायजाबाई हौसाजवळ सरकली. मग पोटावर हात दाबत हळूच म्हणाली, "माझ्यापन पोटात जळतंय गो. तुझी बाई कंच्या वारी बसते?"