गाळलेली तेवीस गावं

तलवाड्यात मारुतीच्या पारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती आणि माझ्या दवाखान्यातली बाकडी मोकळी पडली होती. खोटं कशाला सांगू, मी जळत होतो. आश्रुबा महाराजांच्या काढ्यानं साखर उतरते म्हणून सगळा गाव तिकडे लोटला होता. माझी जुनी पेशंट सिंधुबाई तर चार दिवसांपासून इन्सुलिन सोडून बसली होती.

"सिंधुबाई, जिवावर बेतेल," मी तिला गर्दीत गाठून म्हणालो.

"डॉक्टर, तुमच्या पोटात काहून दुखतंय?"

दुखत होतंच.

महाराजांनी छापील पुस्तिका उंच धरली. "लोकहो, ही थाप न्हाई, सायन्स हाय! अकरा गावांचा अभ्यास केला. अकराच्या अकरा गावांत साखर उतरली!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात गावातल्या माणिकरावांची आम्रपाली उठली. ही पोरगी पुण्यात एकेका औषधावरचे सगळे अभ्यास शोधून एकत्र तपासते. आता हिलाही टाळ्या मिळणार, हेच माझ्या मनात आधी आलं.

"महाराज, तुमच्या बॅनरवर शिबिरं घेतलेल्या चौतीस गावांची नावं छापलीत. पुस्तिकेत अकराच गावं कशी?"

"ताई, बाकीच्या गावांत श्रद्धा कमी पडली. ती धरली न्हाईत."

"कमी पडली हे कधी कळलं? साखर मोजायच्या आधी की नंतर?"

महाराजांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आमच्या नेकनूरला बी शिबिर झालतं!" मागून रामप्रसाद ओरडला. "माझी साखर दोनशेची साडेतीनशे झालती. तो तपासणीचा कागद तुमीच नेलता की!"

आम्रपाली लोकांकडे वळली. "काढ्याशिवायही, पथ्य पाळलं त्या गावांत साखर उतरते, न पाळलेल्या गावांत चढते. उतरलेली गावं ठेवली, चढलेली गाळली, की कुठलाही काढा गुणकारी ठरतो. म्हणून आमच्या कामात नियम आहे. किती अभ्यास सापडले, किती गाळले, का गाळले, सगळं छापायचं. आणि गाळायची कारणं निकाल बघायच्या आधीच ठरवायची."

महाराज गाडीत बसले. सिंधुबाई माझ्याकडे आली. मी मनातून फुललो.

"सुई घेते, डॉक्टर. पण आदी सांगा, तुमच्याकडं गुण न आलेले किती?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. आम्रपालीसुद्धा.

"मोजलेच नाहीत," मी म्हणालो.

"मग मोजा," म्हणत तिनं दंड पुढं केला.

आता मी गुण न आलेल्यांचीही वही ठेवतो. वाचकहो, महाराज असो की माझ्यासारखा डॉक्टर, यश दाखवणाऱ्याला गाळलेलेही दाखवायला लावा.