बाळासो हवालदाराची हलकी गाडी

चाळीस वर्षं लोकांच्या गाड्यांखाली पाठ घासली. आता आष्ट्यातलं माझं गॅरेज उघडायला गेलो, की शटरच्या आधी माझीच हाडं वाजतात. तरी बाळासो हवालदार आला की नाही म्हणवत नाही. शाळेत एका बाकावरचे आम्ही.

त्याचं दुखणं असं. दरवर्षी सिद्धनाथाच्या रथयात्रेला तो बायकोला, शालूबाईला, मोटरसायकलवर म्हसवडला नेतो. तो फौजेत असताना ती सतरा वर्षं एकटीच एसटीच्या गर्दीत उभी राहून गेली. रिटायर होऊन आला त्या दिवशी त्यानं शब्द दिला, यापुढं एसटी नाही. पण वाटेत एक चढ आहे. गाडी तिथं दोघांना ओढत नाही. मग शालूबाई उतरते आणि चालत वर येते. अठरा वर्षं असंच चाललं. यंदा तिचे गुडघे गेले.

"उतरायला लागलं तर एसटीनं जाते म्हनली," बाळासो म्हणाला. "माझा शबूद जातोय बघ, नाना."

"नवी घे की रं."

"पलटणीत असताना घेतलीया. ही इकनार न्हाई."

"इंजन तुझ्याएवढंच दमलंय. मग वजनच कमी करायला पायजे."

आठ दिवस तेच केलं. मागचं चेनसॉकेट, म्हणजे चेनचं दात्यांचं चाक, मोठं बसवलं, त्यानं चढाला ओढ वाढते. मग पान्हा घेऊन सुटलो. मधला स्टँड काढला, कॅरिअर काढला, साडीगार्ड काढला, मागच्यानं पाय ठेवायचे दांडे आणि धरायची कडी काढली. सीट मागून निम्मी कापली. उरल्या लोखंडाला ड्रिलनं भोकं पाडली.

किती हलकी झाली म्हणाल, तर शेजारचा कोंबडा पंख झाडायचा आणि गाडी दोन फूट सरकायची. शेवटी दावं घालून लिंबाला बांधली. उसाच्या वजनकाट्यावर चढवली, तर काटेवाला म्हणाला, आधी गाडी तर आणा. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो आता हयात नाही, तो भाग वेगळा.

बाळासो एकटाच त्या चढावर जाऊन आला.

"चढ संपला तरी गाडी चढतच हुती," तो म्हणाला. "हँडल दाबून खाली आनली."

रथाच्या दिवशी सकाळी शालूबाई नवं लुगडं नेसून, नारळाची पिशवी घेऊन गॅरेजच्या दारात आली. गाडीभोवती एक फेरी मारली.

"मी बसू कुठं?"

बाळासोनं उरलेल्या सीटवरची धूळ पुसली.

"पाय कुठं ठेवू? धरू कशाला? भावजी, तुमी तरी सांगा."

मी पान्हा पुसत राहिलो. आठ दिवसांत आम्हा दोघांच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं.

"समदं माझंच काढलंसा," ती नवऱ्याला म्हणाली. "तुमचं काय काढलंसा?"

बाळासोनं माझ्याकडं बघितलं.

"हॉर्न," मी म्हणालो.

ती एसटी स्टँडच्या दिशेनं वळली. बाळासो आडवा गेला.

"आगं, थांब की वाईच. नाना, घाल समदं परत."

गुडघ्यांनी तिला स्टुलावर बसवलं, नाहीतर ती थांबली नसती. मी पुन्हा गाडीखाली गेलो. गॅरेजातली एक जुनी आख्खी सीट शोधून चढवली, दांडे आणि कडी बसवली, साडीगार्ड आवळला. एकेक नट आवळला तशी गाडी पुन्हा जमिनीला टेकत गेली. दुपार झाली. दोघं निघाली, तेव्हा गाडी होती तेवढीच जड होती.

तिसऱ्या दिवशी बाळासो लंगडत आला आणि पायरीवर बसला.

"उतरली का रं?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग चढली गाडी?"

"चढली. मी उतरलो. पयल्या गेरात टाकली, हँडल धरलं आन चाललो बाजूनं. ती वर बसूनच. मागनं एसटी आली, त्यातली माणसं खिडकीतनं बघाय लागली."

"आन मग?"

बाळासो गुडघा चोळत राहिला.

"वर गेल्यावर म्हनली, दमलासा न्हवं, बसा जरा. अठरा वर्षं ती चालत वर येईस्तवर मी तितं हुबा हाय, गड्या. मी तिला असं कवाच म्हनलो न्हाई."