मेंढरं बसलेलं रान

"बावीस!" रेश्मा यंत्रावरची नजर न काढता ओरडली. "प्रांजल, बावीस! परत घेऊ?"

"घे परत."

परत घेतलं, तरी बावीसच. प्रांजलने हातोडा खाली ठेवला आणि बाहीने कपाळावरचा घाम पुसला. सकाळी सातपासून त्या दोघी तळेवाडीचं रान पालथं घालत होत्या. चार लोखंडी सळया एका रेषेत पाच-पाच मीटरवर ठोकायच्या, त्यांच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतायचं, वीज सोडायची, आकडा लिहायचा, सळया उपटायच्या आणि पुढे सरकायचं. आकडा काही केल्या नव्वदच्या खाली येत नव्हता. आणि आता नानासोंच्या या नांगरलेल्या पट्टीत तो धाडकन बावीसवर उतरला होता.

गावाचं नाव तळेवाडी, पण तळं कुणाच्या आजोबानेही पाहिलेलं नाही. विट्याच्या वरच्या अंगाला माळावर साठ घरं, आणि होळीच्या आधीच टँकरच्या वाटेकडे लागलेले डोळे. नानासोंनी तीस वर्षं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवलं, लोकांचं सोनं गाळून शुद्ध करून दिलं, आणि आता म्हातारपणी गावासाठी एक बोअर मारून द्यायचं मनावर घेतलं होतं. फक्त एक. ती कोरडी गेली तर गावाने आपलं आपण बघावं, हे त्यांनी सकाळीच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं.

जागा दाखवायची होती प्रांजलने. सातारच्या कॉलेजात ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. विषय जिओफिजिक्स. वर्गात मुलं अकरा, त्यांत मुली दोनच. हा विषय म्हणजे नेमकं काय, हे नातेवाइकांना समजावण्यातच तिची तीन वर्षं गेली होती, म्हणून तिने एक सोपं उत्तर ठरवून टाकलं होतं: जमिनीचा एक्स-रे. काळा पाषाण कोरडा असला की विजेला अडवतो आणि आकडा चढतो. खाली भेगा असल्या, त्यांत पाणी असलं की वीज सुरळीत जाते आणि आकडा उतरतो. बावीस म्हणजे पाणी असण्याचीच शक्यता.

राजवर्धन सर लांब ढांगा टाकत आले. वडील फौजेत होते, त्यामुळे त्यांच्या चालण्यातही परेड होती. त्यांनी वहीवर नजर फिरवली आणि हसले.

"शाब्बास. सुरेख उतरलाय आकडा. सळया लांब टाकून खोलचं रीडिंग घेतलंस?"

"नाही सर. ते उद्या सकाळी घ्यायचं ठरलं होतं, पण गाडी आजच आली."

बोअरची गाडी खरंच एक दिवस आधी आली होती. वडाखाली उभी राहून धूर सोडत होती, आणि गाडीवाला दर पंधरा मिनिटांनी घड्याळ दाखवत होता. चारपर्यंत काम सुरू झालं नाही तर तो पुढच्या गावाला जाणार होता, आणि मग थेट पावसाळ्यानंतरच परतणार होता.

सर जरा घुटमळले. मग म्हणाले, "तुझी खात्री आहे ना? आकडा इतका स्पष्ट आहे की… बरं. अर्ध्या तासात खूण कर."

नानासोंनी ते ऐकलं आणि ते खुलले. आपल्याच रानात गावाचं पाणी निघणार, याहून मोठा मान कुठला? त्यांनी मनुबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, घरातून नारळ आणायला पिटाळलं. पोरंटोरं, बाया, म्हातारे असं सगळं गाव बांधावर गोळा झालं.

त्या गर्दीपासून हातभर लांब, बाभळीखाली, खांद्यावर घोंगडी आणि डोक्याला पटका असलेला एक माणूस काठीवर हनुवटी टेकून उभा होता. प्रांजलने सकाळपासून त्या बाजूला बघायचं टाळलं होतं. तो तिचा बाप होता.

सकाळी जीप थांबली तेव्हाच तिला तो दिसला होता. हरिबाचा तळ पडला होता खालच्या गावात, दोन कोसांवर. लेक यंत्र घेऊन येणार असं कुणाकडून तरी कळलं, म्हणून मेंढरं भावाच्या हवाली करून तो पहाटेच चालत निघाला होता.  प्रवेशाच्या अर्जात बापाच्या धंद्यापुढे प्रांजलने 'शेती' लिहिलं होतं. पहिल्या वर्षी होस्टेलवर, माधवनगरच्या मिलवाल्यांच्या घरातल्या याच रेश्माने तिची बॅग उघडताना नाक मुरडून विचारलं होतं, "कसला गं वास येतोय याला?" वास घोंगडीचा होता. त्या दिवाळीला प्रांजलने घोंगडी घरी नेऊन ठेवली ती कायमची. नंतर तर घरी गेल्यावर तिला मेंढरांच्या वाड्याचा वास येईनासाच झाला. आपण त्याच्या पलीकडे गेलो असं तिला वाटलं होतं.

जीपमधून उतरताच सर त्या घोंगडीवाल्याला म्हणाले होते, "मामा, तारेवर मेंढरं येऊ देऊ नका हं." हरिबाने आधी सरांकडे बघितलं, मग लेकीकडे. लेक तारेची गुंडाळी सोडवण्यात फारच गुंतली होती. 

"न्हाई सायेब," तो म्हणाला. "मेंढरं लांब हायती. म्याडम, त्या सळया जड असतीला, मी घिऊ का?"

म्याडम! आणि प्रांजलला काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला?

आता तोच माणूस तांब्या घेऊन बांध उतरून येत होता. तिच्याजवळ येऊन त्याने मोठ्याने म्हटलं, "पानी घ्या म्याडम." आणि तांब्या देता देता आवाज एकदम खाली आणला. "पिले, हितं खूण करू नगंस."

"का?"

"दिवाळी झाल्यावर ह्याच पट्टीत आपली मेंढरं बसल्याली. आट राती. नानासोनं खतासाठी बसवून घेतली हुती. तूच म्हनली हुतीस न्हवं, मिठानं मशीन फसतंय? मेंढराच्या मुतात मीठच असतंय की गं. चार राती जादा बसली तर पीक करपतंय, एवडं मीठ."

तिने वर बघितलं. रेश्मा दहा पावलांवर होती, सर वीस. रेश्माची मान वळलेली तिला दिसली, आणि तिच्या तोंडून सरांच्याच भाषेत, सरांच्याच सुरात निघालं, "मामा, तुम्ही जरा बाजूला व्हा. काम चालू आहे."

मामा! बापाला मामा. हरिबाने रिकामा तांब्या घेतला, "व्हय व्हय" म्हणाला आणि वळून बाभळीकडे चालू लागला. त्याच्या चपलेचा एक पट्टा तुटलेला होता आणि तो सुतळीने बांधला होता.

मनुबाई नारळ घेऊन आली. नानासोंनी टोपी नीट केली. गाडीवाल्याने इंजिन चालू केलं. सर म्हणाले, "चल प्रांजल, मार खूण."

तिच्या हातात चुन्याची पिशवी होती आणि हात उचलवत नव्हता. मेंढरांच्या मुतात मीठ. एवढी साधी गोष्ट! प्रश्नपत्रिकेत आली असती तर दोन ओळींत लिहिली असती तिने: वरचा थर खारवलेला असेल तर यंत्र फसतं. पण नांगरट झालेली, वर लेंडी दिसत नव्हती, आणि बावीसचा आनंद मोठा होता. तरी आप्पा चुकत असतील. आठ रात्रींनी एवढा फरक पडतो का? पडत असेलही. नसेलही. चुना टाकावा आणि मोकळं व्हावं.

"एक मिनिट सर," ती म्हणाली. मिठाच्या पाण्याची बाटली संपत आली होती. तिने साधं पाणी घेतलं, सळई उपटली आणि त्या भोकात ओतलं. भाजलेल्या मातीने ते गटागट पिऊन टाकलं. प्रांजल पालथी झाली आणि तिने नाक जमिनीला लावलं.

वास आला. उग्र, ओला, नाकात झोंबणारा. लहानपणी ती ज्यात झोपली, ज्यात दूध प्यायली, ज्यात पाढे म्हणत बसली तोच. या पट्टीतही मघाशी चार भोकांत तिने पाणी ओतलं होतं आणि तो तेव्हाही येत असणार. तिलाच तो आला नव्हता. तीन वर्षं घासूनपुसून तिने स्वतःला असं शिकवलं होतं की साठ घरांची बोअर त्यापायी कोरडी गेली असती.

ती उठली तेव्हा तिच्या नाकाला माती लागली होती.

"सर, हा आकडा खोटा आहे."

इंजिनाच्या आवाजात कुणाला नीट ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा, ओरडूनच सांगितलं. गाडीवाल्याने इंजिन बंद केलं आणि सगळं रान एकाएकी गप्प झालं.

"खोटा म्हणजे?" सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"इथे दिवाळीनंतर आठ रात्री मेंढरं बसली होती. वरची माती खारवली आहे. आपण मोजलं ते पाणी नाही, मूत मोजलं."

बांधावर कुणीतरी फिस्कन हसलं. नानासोंचा चेहरा उतरला. "बसवली हुती खरी," ते पुटपुटले, "पर त्येचा काय संबंध?"

सरांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं? कुणाची मेंढरं?"

आता पळवाट नव्हती.  तिने बाभळीकडे हात केला.

"आमची. ते माझे वडील आहेत, सर. त्यांनी मघाशीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

रेश्माच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. सर बाभळीकडे बघत राहिले, मग तिच्याकडे. रागावले होते का? असतील. सकाळी त्यांनीच त्या माणसाला मेंढरं आवरायला सांगितलं होतं.

गाडीवाला खेकसला, "मी निघालो बघा! तुमची परीक्षा चालू द्या."

त्याला अडवलं ते नानासोंनी. "थांब रं. आमच्या धंद्यात दागिना वरनं झळकला म्हणून कोन घेत न्हाई. परत आगीत घालून बघावा लागतो. म्याडम, घाला परत. गाडी हितंच थांबंल, मी बघतो."

मग दोन तास जे चाललं त्याला धावपळ हाच शब्द. तार कमी पडत होती. गावातल्या यशराज नावाच्या वायरमनने आपली तार आणून जोडली. सळया शंभर शंभर मीटर लांब टाकल्या, म्हणजे वीज खोल जाईल. नानासोंच्या पट्टीत आकडा एकशे चाळीसवर गेला. खाली सलग पाषाण. तिथे खूण केली असती तर? प्रांजलने तो विचार बाजूला ढकलला आणि पळत राहिली. शाळेमागे ओढ्याच्या वळणावर आकडा उतरला. एकतीस. पुन्हा घेतला, एकतीस. सळया आणखी लांब टाकल्या, अठ्ठावीस. सर यावेळी शाब्बास म्हणाले नाहीत, गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः तिन्ही आकडे तपासले आणि म्हणाले, "इथेच."

तिने चुना टाकला. पावणेपाच वाजले होते.

गाडीने जमिनीत दात रोवले. शंभर फूट, पांढरा धुरळा. दीडशे, धुरळाच. मनुबाईने पदरात नारळ धरून ठेवला होता, आता फोडायला कुणी सांगत नव्हतं. पावणेदोनशेला दगड निळा झाला, तरी पाण्याचा थेंब नाही. कुणी प्रांजलकडे बघत नव्हतं, तेच तिला सोसत नव्हतं. दोनशे दहाला धुरळा बसला. आधी गाळ आला, मग गढूळ पाणी, मग मनगटाएवढ्या जाडीची एक धार भकाभक उसळून शाळेच्या भिंतीवर आदळली.

पोरं त्यात घुसली. नानासोंनी नारळ फोडला, तो हुकून अंगठ्यावर बसला, तरी हसत राहिले. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. रेश्मा तिला मिठी मारायला आली, आणि मारताना कानाशी म्हणाली, "सांगितलं का नाहीस कधी?"  प्रांजल गर्दीत पटका शोधत होती.

बाभळीखाली कुणी नव्हतं. पाण्याशीही नव्हतं.

तो सापडला नानासोंच्या पट्टीत. धावपळीत त्या चार सळया तिथेच पडून राहिल्या होत्या. हरिबा ढेकळांत उकिडवा बसला होता, डोक्यावरचा पटका सोडून मांडीवर घेतला होता, आणि त्याच्या टोकाने सळईवरची खारी माती पुसत होता. मिठाने लोखंड गंजतं, हेही तिनेच त्याला कधीतरी सांगितलं असणार. त्याचं उघडं डोकं तिने कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. केस सगळे पिकले होते.

"आप्पा, पानी लागलं."

"आयकलं की. पोरांचा गलका झाला तवाच वळिकलं." त्याने पुसलेली सळई उन्हात धरून बघितली. "चार हुत्या न्हवं? मोजून घ्या, म्याडम."

"आप्पा!" ती म्हणाली. "सगळ्यांम्होरं सांगितलंय मी. आता तरी नावानं हाक मारा."

हरिबा ओशाळला. चूक आपलीच असावी तसा.

"व्हय गं, व्हय," तो म्हणाला. "दिसभर म्हनत व्हतो न्हवं, जिभंला सवय लागली बग."

ती त्याच्यासमोर ढेकळांत बसली. सर लांबून हाक मारत होते, जीप चालू झाली होती. दोन सळया पुसून झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. तिने पटक्याचं दुसरं टोक आपल्याकडे ओढलं आणि तिसरी पुसायला घेतली.