भाग्यवान बादलीचं गाऱ्हाणं

मी एक बादली आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकते, मी काहीही केलेलं नाही.

हे सांगावं लागतं, कारण सध्या मी मार्लो क्रीक कॉलेजच्या व्यायामशाळेत, दारातून शिरताच समोर, काचेच्या कपाटात बसले आहे. शेजारी एक चकचकीत कप आहे. माझ्याखाली पितळेची पट्टी आहे आणि तिच्यावर कोरलंय, ‘हिच्यामुळे जिंकलो.’ येणारे-जाणारे ती वाचतात आणि माना डोलावतात. मी आतल्या आत किती चडफडते, ते कुणाला दिसत नाही. पांढऱ्या प्लॅस्टिकला रागाने लाल होता येत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मल्या जन्मल्या माझ्यात खारवलेल्या काकड्या भरल्या, लसूण आणि शेपूच्या बियांसकट, आणि मला या कॉलेजच्या भोजनगृहात पाठवलं. काकड्या संपल्या. पुढे फरशी पुसण्याच्या कामाला लागायचं, हे मी धरूनच चालले होते. मला ते आवडलं असतं. फरशी पुसणाऱ्याला निदान बादली म्हणजे बादली, एवढं तरी कळतं.

पण कोच कुचेरांची नजर माझ्यावर पडली. ते बेसबॉलच्या संघाचे कोच. गुडघे दुखायचे, त्यामुळे मैदानाच्या कडेला बसायला काहीतरी हवं होतं.

“ॲर्लीनबाई, ही टाकणार आहात का?” त्यांनी स्वयंपाकीणबाईंना विचारलं.

“न्या की, कोच. पण वास जाणार नाही हां. तीन वेळा धुतलीय मी.”

“वासाचं काय घेऊन बसलात. मी त्या पोरांबरोबर बसने प्रवास करतो.”

अशी मी संघात आले. माझ्या झाकणावर कोचनी उशी चिकटवली. माझ्यात सरावाचे चेंडू भरले. थोड्याच दिवसांत सगळ्या चेंडूंना काकडीच्या लोणच्याचा वास यायला लागला. समोरच्या संघाचे फलंदाज नाक मुरडायचे आणि आमची पोरं खूश व्हायची. तिथेच मला कळायला हवं होतं, की या लोकांना कशाचंही कारण कशालाही जोडायची सवय आहे.

बेसबॉल खेळणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत. मैदानावरच्या पांढऱ्या रेघेवर पाय पडला तर सामना हरतो, म्हणून ती रेघेवरून उडी मारतात. सामना जिंकला की त्या दिवशीचा शर्ट धूत नाहीत. बॅट उभी ठेवायची की आडवी, यावरून भांडतात. ही सगळी कॉलेजात शिकणारी पोरं. त्यांच्यातला एक तर गणिताचा विद्यार्थी होता, आणि उजवा मोजा आधी घातला गेला म्हणून पुन्हा सगळे कपडे काढून घालायचा. वर दिवसभर सूर्यफुलाच्या बिया चघळून टरफलं थुंकायची. कुठे? माझ्यात. झाकण उघडं दिसलं की माझ्यात.

त्या वर्षी वसंतात आम्ही सारखे हरत होतो. नेब्रास्कातला वारा असा, की चेंडूही थंडीने आखडल्यासारखा यायचा. आमचा सगळ्यात चांगला पिचर होता एमेट सॉर्ली. उंच, लाजरा, पण हरला की तापायचा. चेंडू टाकणारा तो आणि झेलणारा कॅचर नेस्टर इबार्रा. नेस्टर बुटका, रुंद, बडबड्या. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. चार वर्षांत संघाने एकदाही विजेतेपद मिळवलं नव्हतं, आणि या संघानंतर तो कुठे खेळणारही नव्हता. मामाच्या ट्रॅक्टरदुरुस्तीच्या दुकानात त्याची जागा ठरलेली होती. “मामाकडे जायच्या आधी एकदा तरी कप उचलायचाय,” असं तो येताजाता म्हणायचा.

एका सामन्यात एमेटने एकामागून एक धावा दिल्या. तो तणतणत डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या आमच्या बसायच्या जागेत, आला आणि त्याने मला लाथ घातली. मी आडवी झाले. चेंडू सगळीकडे पळाले. कोच पाय वर घेऊन ओरडायला लागले, पोरं चेंडूंवरून घसरायला लागली, आणि मग सगळे पोट धरून हसले. हसून मोकळे झाले असतील, नाहीतर समोरचा पिचर दमला असेल. मला विचाराल तर तो दमला होता, मला तिथून दिसत होतं. आम्ही तो सामना जिंकलो.

“बादली!” नेस्टर ओरडला. “बादलीला लाथ बसली आणि चक्र फिरलं!”

झालं. त्या दिवसापासून प्रत्येक सामन्याआधी एमेटने येऊन मला लाथ मारायची, असा नियम झाला. उजव्याच पायाने. बाकीच्यांनी गोल करून उभं राहायचं. नंतर चेंडू वेचताना माझ्यावरच खेकसायचं. आणि खरंच, आम्ही जिंकत गेलो. एमेट मन लावून टाकत होता, नेस्टर त्याला सांभाळून घेत होता, रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत सराव होत होता. पण नाव झालं माझं.

मग पाऊस झाला आणि मैदानात चिखल झाला. असा चिखल सुकवायला एक कोरडी माती टाकतात. तिचं पोतं फाटलं, म्हणून कोचनी चेंडू टोपलीत ओतले, माती माझ्यात काठोकाठ भरली आणि झाकण लावलं. कुणाला सांगायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. सामन्याची वेळ झाली. पोरांनी गोल केला. एमेट धावत आला आणि त्याने नेहमीसारखी सणसणीत लाथ घातली.

मी हलले नाही. हलणार कशी? पण त्याच्या बुटाच्या आत काहीतरी कट्‌ झालं, ते मला माझ्या अंगात जाणवलं. एमेटचा चेहरा पांढराफटक पडला. तो क्षणभर माझ्या झाकणावर हात टेकून उभा राहिला, एवढंच.

“अरे, बादली हललीच नाही!” कुणीतरी म्हणालं.

“आज कुणीच आपल्याला हलवू शकणार नाही!” दुसरा म्हणाला.

तो सामनाही आम्ही जिंकलो. मग काय! माती काढायची नाही, असा फतवा निघाला. आणि काढला कुणी? कोच कुचेरांनी. मोठी माणसं तरी शहाणी असतील, असं मला वाटत होतं. पण या गृहस्थांनी पहिल्या विजयापासून स्वतःचे मोजे धुतले नव्हते. रोज माझ्यावर बसायचे ते, मला माहीत आहे.

एमेटने आपला अंगठा मोडलाय हे कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं तर कोच बाहेर बसवतील आणि मग संघ हरेल, असं त्याला वाटत होतं. तो नाडी घट्ट आवळायचा आणि दर सामन्याआधी येऊन पुन्हा त्याच पायाने मला लाथ मारायचा. हळू मारायचा, पण मारायचाच. मारताना मान वळवायचा. मी मनातून किंचाळायचे, अरे बाबा, नको ना! पण बादलीचं तोंड नुसतं उघडं असतं, बोलत नाही.

पिचरचा जोर कुठून येतो, ते मी बसल्या जागी शिकले होते. तो मागच्या पायाने जमीन रेटतो आणि तो जोर अंगातून वर हातात येतो. एमेटचा तो पाय म्हणजे उजवाच, मोडक्या अंगठ्याचा. तो जमीन रेटेनासा झाला. मग सगळा भार खांद्यावर आणि कोपरावर. चेंडू टाकून झाला की तो कोपर हळूच चोळायचा. त्याला पुढचं एक वर्ष खेळायचं होतं आणि जमलं तर त्यापुढेही. तो हात गेला असता, तर सगळंच गेलं असतं.

सराव झेलताना नेस्टर माझ्यावर बसायचा. त्याला आधी आवाजातला फरक कळला. चेंडू ग्लोव्हमध्ये पूर्वी फाट्‌ वाजायचा, आता पत्‌ वाजत होता.

“पाय का ओढतोयस रे?”

“चिखल आहे.”

“चिखल होता मागच्या आठवड्यात. आता धूळ उडतेय, लेका.”

“तू तुझं झेल ना!”

नेस्टरने चेंडू परत फेकला, पण त्याची नजर एमेटच्या बुटावरून हलली नाही.

अंतिम सामना शनिवारी दुपारी होता. समोर ब्लू रिव्हरचा संघ. स्टँड भरत होता. नेस्टरची आई डबाभर तमाले, पानात वाफवलेले मक्याचे मुटके, घेऊन पहिल्या रांगेत बसली होती आणि ओळख नसलेल्यांनाही खायला लावत होती. कडेला एमेट हात मोकळा करत होता आणि नेस्टर माझ्यावर बसून झेलत होता. पाच-सहा चेंडूंनंतर एमेटने कोपर पोटाशी धरलं आणि तो वाकला.

नेस्टर उठून त्याच्याकडे गेला. “बूट काढ.”

“काय?”

“बूट काढ म्हणतोय.”

“वेड लागलंय का तुला? वीस मिनिटांत सामना आहे!”

“मग लवकर काढ.”

एमेटला माझ्यावर बसवून नेस्टरनेच नाडी सोडली. अंगठा जांभळा झाला होता, नख काळं पडलं होतं, आणि सूज अशी की तो बुटात मावत होता कसा, हेच नवल.

“कधीपासून?” नेस्टरने विचारलं.

“माती भरली तेव्हापासून.”

“आणि तरी रोज लाथ मारत होतास? गाढवा!”

“आपण जिंकत होतो ना!” एमेट म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आजचा दिवस जाऊ दे, नेस्टर. हे तुझं शेवटचं वर्ष आहे. माझ्याशिवाय आहे कोण? डॅली? त्याच्या चेंडूपेक्षा आपली बस जोरात जाते.”

हे खरं होतं. डॅली प्रुइट पहिल्या वर्षाचा, काटकुळा, डावखुरा. त्याला नेस्टर नीट ओळखून होता. त्याने स्टँडमध्ये बसलेल्या आईकडे पाहिलं. तिने हात हलवला. त्यानेही हलवला. मग तो एमेटचा बूट हातात घेऊन सरळ कोचकडे गेला.

कोच आले. त्यांनी पाय पाहिला, मग मला पाहिलं.

“बादलीनं केलं हे?”

“बादलीनं नाही, कोच,” नेस्टर म्हणाला. “आपण केलं.”

त्या पोराला मी तिथल्या तिथे मिठी मारली असती.

कोचची मान खाली गेली. “आणि मी महिनाभर हिच्यावर बसून टाळ्या वाजवतोय,” ते म्हणाले. एमेट विनवायला लागला, तसे ते गरजले, “एक शब्द नको, सॉर्ली! कप काय, दरवर्षी असतो. हात तुला एकच दिलाय. डॅली! कुठंय तो? ग्लोव्ह घे!”

मग त्यांनी स्वतःच्या हाताने मला उपडं केलं आणि सगळी माती ओतून टाकली. पोरं अशी बघत होती, जणू मी मेले.

“लाथ कोण मारणार मग?” गणितवाल्याने विचारलं.

“मी मारीन. तुला!” कोच म्हणाले.

माझ्यात बर्फ आणि पाणी भरलं, आणि एमेटने त्यात पाय बुडवला. जो पाय मला इतके दिवस लाथाडत होता, तोच. आयुष्यात पहिल्यांदा मी बादलीचं काम करत होते. मला फार बरं वाटलं.

सामना मी जवळून पाहिला. डॅलीचे चेंडू हळू यायचे, पण नेस्टर त्याला एकेक जागा दाखवायचा, दर चेंडूमागे काहीतरी बोलायचा. “छान! आता तसाच, पण खाली. घाई कुणाला आहे? मला तर नाही.” ब्लू रिव्हरचे फलंदाज आधीच बॅट फिरवून बसायचे आणि चिडायचे. शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. त्यांचा एक दांडगा खेळाडू बरोबरीची धाव घ्यायला नेस्टरच्या पुढ्यातल्या ‘होम’च्या पाटीकडे धावत सुटला आणि लांबून चेंडूही आला. नेस्टरने तो झेलला, त्या दांडग्याला ग्लोव्ह टेकवला आणि दोघेही धुळीत गडगडले. धूळ बसली तेव्हा चेंडू नेस्टरच्या हातातच होता. तो माणूस बाद होता.

एमेट एका पायावर उड्या मारत ओरडत होता. सगळ्यांनी नेस्टरला उचललं. मग दोघांनी मला उचललं आणि अंगठ्याचं ते बर्फाळ पाणी, लोणच्याच्या वासासकट, कोचच्या डोक्यावर ओतलं. जिंकल्यावर असं करायची इथली पद्धतच आहे. कोचचे मोजे अखेर धुतले गेले.

एवढं झाल्यावर तरी यांना समजेल, असं मला वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरं काय म्हणाली? “बादलीत बर्फ घातला म्हणून जिंकलो!” वर्तमानपत्रात फोटो आला, तो माझा. पितळेची पट्टी झाली, ती माझी. जो पोरगा आपला कप पणाला लावून बूट हातात घेऊन गेला, त्याचं नाव त्या पट्टीवर नाही. नेस्टर मामाच्या दुकानात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. निरोप घ्यायला आला तेव्हा त्याने काचेवर टकटक केलं आणि म्हणाला, “मजा आहे बुवा तुझी. बसून राहायचं.” एमेटचा हात धडधाकट आहे. पुढच्या वर्षीही त्याने चेंडू फाट्‌ वाजवले.

आता इथे नवी पोरं आली आहेत. सामन्याला जाताना ती माझ्या काचेला हात लावतात. मी तेही सोसलं. पण गेल्या आठवड्यापासून एक नवा पिचर कपाटाच्या खालच्या लाकडाला लाथ मारून जातो. लाकूड जाड आहे. पहिला सामना जिंकली ना पोरं! झालं. परवा लाथ मारल्यावर तो क्षणभर काचेला हात टेकून उभा राहिला. चेहरा पांढराफटक होता. मग त्याने वाकून नाडी आवळली.

अहो, तुमची पट्टी वाचून झाली असेल, तर एवढं करा. आज सामना आहे आणि तो आता येईलच. इथे नेस्टर नाही, आणि मला बोलता येत नाही. कुणीतरी त्याला थांबवा आणि म्हणा, बूट काढ.